गुहा नकाशावर हवी, रीलमध्ये नको

गुहा म्हटलं की मराठी माणसाला आधी लेणी आठवतात. कार्ले, अजिंठा, वेरूळ, घारापुरी. पायऱ्या चढून गेलं की सपाट जमीन, खांब आणि दारातून येणारा उजेड. यात आपली चूक नाही. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट पाण्यात सहजी विरघळत नाही, त्यामुळे आपल्या ओळखीच्या बहुतेक गुहा माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेल्या आहेत. चुनखडीच्या डोंगरात मात्र कोरण्याचं काम पाणी करतं आणि ते आजही थांबलेलं नाही. हा फरक लक्षात न घेता आत शिरणं जिवावर बेतू शकतं.

हे सांगण्याचं कारण म्हणजे ‘कोणालाच माहीत नसलेली गुहा’ अशा मथळ्याचे व्हिडिओ. पावसाळ्यात आपल्याकडच्या धबधब्यांचं आणि सुळक्यांचं या व्हिडिओंनी काय केलं, ते आपण पाहतोच आहोत. आता मेघालयात फिरायला जाणाऱ्यांमध्ये मराठी मंडळीही आहेत. हौस चांगलीच आहे. पण रानातल्या गुहेच्या बाबतीत या हौशीला थोडी शिस्त हवी, असं माझं मत आहे.

आधी गुहा कशी होते ते पाहू. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्ल बनतं. ते चुनखडीच्या भेगांत मुरतं आणि दगड विरघळवत जातं. हजारो-लाखो वर्षांत भेगेची फट होते, फटीचं भुयार होतं आणि वरचा ओढा जमिनीखालून वाहू लागतो. चेरापुंजी आणि मौसिनरामचा पाऊस झेलणाऱ्या मेघालयात याचा विस्तार थक्क करणारा आहे. तिथे १,७०० हून अधिक गुहांची नोंद झाली आहे. एकटी क्रेम लियात प्राह ३० किलोमीटरहून लांब आहे. ‘क्रेम’ म्हणजे खासी भाषेत गुहा.

या गुहांची तोंडं दिसतीलच असं नाही. कुठे झाडोऱ्याआड माणूस जेमतेम सरपटेल एवढं भोक असतं, कुठे ओढाच जमिनीत गडप होतो. जैंतिया टेकड्यांमधल्या क्रेम कोत्सातीत तर खोल डोहातून पोहत शिरावं लागतं. आत कधी घोटाभर, कधी गळ्यापर्यंत पाणी. काही ठिकाणी छत खाली उतरून पाण्याला टेकतं आणि श्वास घ्यायला जागाच उरत नाही. अशा बुडालेल्या वाटेत दम रोखून सूर मारणं हा धाडसाचा नव्हे, तर अविचाराचा नमुना आहे. पलीकडे हवा किती अंतरावर आहे, हे अलीकडून कळत नाही.

गुहेतला सर्वांत मोठा धोका तर गुहेबाहेरच असतो. पाऊस पडतो कित्येक किलोमीटर दूरच्या डोंगरावर आणि पाणी वाढतं आत. आभाळ दिसत नाही, ढग ऐकू येत नाहीत. अनुभवी गुहासंशोधक आत शिरल्यावर आधी वर पाहतात. छताला चिखल, पालापाचोळा, काटक्या अडकल्या असतील, तर पूर इथपर्यंत चढतो हे त्यांना कळतं. म्हणूनच मेघालयातल्या शोधमोहिमा हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत होतात.

थायलंडची थाम लुआंग गुहा आठवते? २३ जून २०१८ ला १२ मुलं आणि त्यांचे फुटबॉल प्रशिक्षक आत गेले. जुलैपासून गुहेत पाणी भरतं, अशी पाटी तोंडाशी होती. पाऊस मात्र जूनमध्येच कोसळला आणि परतीची वाट बुडाली. दहाव्या दिवशी ते सापडले आणि १० जुलैपर्यंत सगळे बाहेर आले. मदतीला धावलेले माजी नौदल पाणबुडे समन कुनन मात्र परतले नाहीत. या सुटकेत पाणबुड्यांइतकाच एका गोष्टीचा वाटा होता, ती म्हणजे गुहेची माहिती. थायलंडमध्ये राहणारे ब्रिटिश गुहासंशोधक व्हर्नन अन्सवर्थ वर्षानुवर्षं ती गुहा धुंडाळत आले होते. मुलं कुठवर गेली असतील, याचा अंदाज त्यांना बांधता आला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेघालयात क्सान इथल्या बेकायदा कोळसा खाणीत पाणी घुसलं आणि १५ कामगार अडकले. ती गुहा नव्हती, माणसाने पोखरलेली उंदीरबिळं होती. पण अंधार आणि पाणी तेच. त्या बिळांचा नकाशा कोणाकडेच नव्हता. अडकलेल्यांपैकी एकही जिवंत बाहेर आला नाही. नकाशा नसणं हे त्याचं एकमेव कारण नव्हे, पण शोध कुठे घ्यायचा हेच ठाऊक नसेल, तर पाणबुडा तरी काय करणार?

आता तब्येतीचं. पाणी हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेतं. दोन-तीन तास ओल्या कपड्यांत राहिलं, की दातखीळ बसते, बोटं ऐकेनाशी होतात आणि पुढे विचारशक्तीच मंदावते. नेमके त्या वेळी चुकीचे निर्णय घेतले जातात. वटवाघळांच्या विष्ठेत वाढणाऱ्या बुरशीचे कण श्वासातून गेले, तर हिस्टोप्लाझ्मोसिस होऊ शकतो. ताप, खोकला, छातीत दुखणं ही लक्षणं काही दिवसांनी दिसतात आणि क्षयरोगाशी त्यांची गल्लत होते. म्हणून गुहेतून आल्यावर काही दिवसांनी, अगदी महिन्याभरानेही ताप आला, तर डॉक्टरांना गुहेचं आवर्जून सांगा. मुंबईकरांच्या परिचयाचा लेप्टोस्पायरोसिसही अशा पाण्यातून होऊ शकतो. वटवाघळाला हात लावू नये. ते चावलं किंवा त्याने ओरखडलं, तर रेबीजच्या लशीसाठी लगेच जावं.

मग गुहांचे पत्ते दडवूनच ठेवायचे का? इथे खरी अडचण आहे. कुणाला ठाऊक नसलेल्या गुहेची बाजू मांडायलाही कुणी नसतं. जैंतिया टेकड्यांत चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने आहेत. नोंदच नसलेली गुहा एखाद्या सुरुंगात गेली, तर काय गेलं हेही कळणार नाही. क्रेम मॉम्लुहमधल्या एका लवणस्तंभाने सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या दुष्काळी काळाची साक्ष दिली आणि २०१८ मध्ये भूशास्त्रीय कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव मिळालं. क्रेम उम लाडॉमध्ये २०१९ साली सापडलेला ४० सेंटिमीटरहून लांब मासा हा जगातला सर्वांत मोठा गुहावासी मासा ठरला. अशा जागांची मोजणी, नकाशा आणि शास्त्रीय नोंद झालीच पाहिजे.

पण नोंद करणं वेगळं आणि दवंडी पिटणं वेगळं. गोव्याच्या सीमेजवळ, बेळगाव जिल्ह्यातल्या बारापेडे गुहांमध्ये राहणारं रॉटनचं वटवाघूळ अनेक दशकं जगात फक्त तिथेच माहीत होतं. एवढ्याशा ठिकाणी विसावलेल्या प्राण्याला मशाली आणि गोंगाट घेऊन आलेली एक टोळीही पुरेशी आहे. म्हणून गुहेचा नकाशा संशोधक, वन विभाग, बचाव पथकं आणि गावकरी यांच्याकडे असावा. तोंडाचं अचूक ठिकाण मोबाइलवर फिरू नये. पर्यटनातून गावाला रोजगार मिळतो, हे खरंच आहे. त्यासाठी मौस्माईसारख्या दिवे लावलेल्या गुहा आहेत. आणखी काही निवडून, स्थानिक वाटाड्यांच्या हाती सोपवता येतील. बाकीच्या रानातच राहू द्याव्यात.

ज्यांना खरोखर या वाटेला जायचं आहे, त्यांनी जाणत्या गटाबरोबर जावं. किमान चार जण असावेत: एक जखमी झाला, तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघे मदतीला जातात. प्रत्येकाकडे हेल्मेट आणि प्रकाशाची तीन साधनं असावीत. किती वाजता बाहेर येणार, हे गावात सांगून जावं. आणि पाणी गढूळ होताना दिसलं किंवा त्याचा आवाज बदलला, तर पुढचं दालन कितीही जवळ असो, मागे फिरावं. गुहा उद्याही तिथेच असणार आहे. ती पाहायला आपणही असावं.