पट्टा काढून सोडलेल्या जनावरांविषयी निवेदन

दि. २९ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपरिषद कार्यालय.

विषय : पाळीव जनावरे रस्त्यावर सोडून देण्याचे प्रकार रोखणे, पाळीव कुत्र्यांची नोंदणी, कोंडवाड्याची दुरुस्ती आणि श्वान निर्बीजीकरण यांबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे या शहराचे रहिवासी आहोत. आमच्यात कुत्री पाळणारे आहेत, कुत्रा चावलेले आहेत, पहाटे गल्लीतल्या कुत्र्यांना पोळ्या घालणारे आहेत आणि त्यावरून त्यांच्याशी रोज वाद घालणारेही आहेत. एरवी ही मंडळी एका कागदावर सह्या करायची नाहीत. यावेळी केल्या, याचे कारण दिवाळीनंतर घाटाच्या पहिल्या वळणावर दिसलेला एक कुत्रा.

तांबूस रंगाचा लॅब्राडोर, वय चार-पाच वर्षे. चहाच्या टपरीशेजारी बसून होता. कुणी वडापावचा तुकडा टाकला, तर हुंगून बाजूला झाला. टपरीवाल्याने तोच तुकडा स्टीलच्या ताटलीत घालून पुढे ठेवला, तेव्हा खाल्ला. नखे लांब वाढलेली, म्हणजे जन्म गुळगुळीत फरशीवर गेलेला. दुसऱ्या दिवशी त्याचे तळवे डांबरावर सोलवटले. तिसऱ्या रात्री ढाब्यावरच्या कुत्र्यांनी त्याचा कान फाडला. आपल्या हद्दीत आलेल्या परक्याशी कुत्री तशीच वागतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या मानेभोवती बोटभर रुंदीचे, केस विरळ झालेले एक वर्तुळ होते. तिथे बरीच वर्षे पट्टा होता. आता नव्हता.

त्या वर्तुळाकडे आम्हाला आपले लक्ष वेधायचे आहे. ज्याने तो पट्टा काढला, त्याला आपण काय करत आहोत याची पुरती कल्पना होती. पट्ट्यावर नाव असेल, फोन नंबर असेल, लस टोचल्याचा बिल्ला असेल. त्यावरून कुणी दारात येऊन उभे राहील, म्हणून तो काढला. अशा माणसाला प्राण्यांवर प्रेम करायला शिकवणारे फलक लावून उपयोग नाही. चूक त्याला कळते. ती आपल्यापर्यंत पोहोचू नये, एवढीच तजवीज तो करतो.

गुरांचेही तेच. दुभत्या जनावरांच्या कानात पशुसंवर्धन खात्याचा बारा अंकी पिवळा बिल्ला असतो. बाजारपेठेच्या रस्त्यावर पावसाळ्यात दुभाजकाला टेकून रवंथ करत बसलेल्या गायींचे कान जवळून पाहावेत. काहींच्या कानाची पाळी बिल्ल्याच्या जागी चिरलेली आहे. गाय भाकड झाली किंवा संकरित गायीला खोंड झाला, की दावणीवरचा तो खर्च शेतकऱ्याला पेलत नाही. शेतात ट्रॅक्टर आहे, बैलाला काम नाही, आणि २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्या कायद्याच्या बाजूने किंवा विरोधात बोलण्याची ही जागा नव्हे. पण जनावर विकताही येत नाही आणि ठेवताही येत नाही, अशा माणसाला शासनाने तिसरी वाट दिलेली नाही. ती त्याने रात्री बारानंतर आपल्या बाजारपेठेत शोधली आहे.

इथे थोडे कटू बोलावे लागेल, त्याबद्दल क्षमस्व. आपले कार्यालयही पट्टा काढणाऱ्यांतच मोडते. तक्रारी वाढल्या की गाडी निघते, कुत्री भरते आणि अंधारात शेजारच्या हद्दीत सोडून येते. आठवड्याने शेजारची गाडी त्यांची कुत्री आपल्याकडे सोडते. दोन्ही गाड्यांचे डिझेल मात्र करदात्याचे. मोकळ्या झालेल्या गल्लीत नवी कुत्री येतात. ती बिनलसीची असतात, हद्दीसाठी भांडणारी असतात, म्हणून अधिक चावतात. केंद्राचे प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ (त्याआधी २००१ चे नियम होते) याबाबत स्पष्ट आहेत : पकडा, निर्बीजीकरण करा, रेबीजची लस द्या, आणि जिथून आणले तिथेच सोडा. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळता हीच पद्धत उचलून धरली. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने मात्र शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातली कुत्री तिथे परत सोडता येणार नाहीत. म्हणजे ती कुठेतरी ठेवावी लागतील. त्या ‘कुठेतरी’चा पत्ता आजमितीस आपल्या शहरात नाही.

चावलेल्यांची बाजू आम्ही विसरलेलो नाही. सह्या करणाऱ्यांपैकी एका आजोबांच्या सहा वर्षांच्या नातवाच्या गालावर पावसाळ्यात कुत्र्याने दात रोवले. जखम पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची असते, हे घरात कुणाला माहीत नव्हते, हळद भरली. चेहऱ्यावरच्या अशा जखमेला लसीच्या जोडीला इम्युनोग्लोब्युलिन लागते. ते जवळच्या दवाखान्यात नव्हते म्हणून रात्री जिल्ह्याच्या गावी धाव घ्यावी लागली. पोरगा वाचला. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की जवळजवळ कुणीच वाचत नाही, हे त्या आजोबांना नंतर कळले, आणि त्यानंतर ते आठवडाभर झोपले नाहीत. अशा माणसाला भूतदया ऐकवू नये. आणि त्या माणसाने आमच्या कागदावर सही केली, याचेही मोल जाणावे. त्यांचे म्हणणे एवढेच, की चावलेला कुत्रा कुणाचा होता ते मला कळायला हवे होते.

आता कबुली. हे निवेदन लिहिणाराही या प्रकरणात निर्दोष नाही. लहानपणी घरची मांजर व्यायली की पिल्लांचे डोळे उघडून ती हिंडू लागेपर्यंत सगळे कौतुक चाले. मग एका रविवारी ती बाजाराच्या कापडी पिशवीत जात आणि ती पिशवी माझ्या सायकलच्या हँडलला. आई सांगे, “मासळीबाजारात सोड, तिथं खायला मिळतं. आणि जाताना दोन वळणं जास्त घे, नाहीतर परत येतील.” मी वळणे घेत असे. तीनदा तरी घेतली. आई निर्दय नव्हती. मांजरीला रात्री थंडी वाजते म्हणून गोणपाट अंथरणारी बाई ती. ‘तिथं खायला मिळतं’ हे वाक्य आपल्याकडे घरोघर आहे. लॅब्राडोर सोडणाऱ्यानेही टपरी आणि ढाबा पाहूनच गाडी थांबवली असणार. सोडण्याला आपण जागा शोधून देणे म्हणतो आणि मन मोकळे करून घेतो. मासळीबाजारात त्या पिल्लांचे काय झाले, ते पाहायला मी कधी गेलो नाही.

कायदा काय म्हणतो? प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम, कलम ११ : जनावर उपाशी-तहानेले राहील अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा. पहिल्यांदा दंड १० ते ५० रुपये. साठ साली ती रक्कम कदाचित जाचत असेल. आज टपरीवर चार जणांचा चहा होईल. दंड वाढवणारा सुधारणेचा मसुदा २०२२ मध्ये जाहीर झाला, तो मसुदाच राहिला. गुन्हा अदखलपात्र, म्हणून पोलीस ठाण्यात फार तर एनसी. हे बदलणे आपल्या हातात नाही, ते आम्ही आपल्याकडे मागतही नाही. जे आपल्या हातात आहे तेवढेच मागतो.

सर्वांत मुख्य मागणी, आणि बाकी साऱ्या फेटाळल्या तरी चालतील अशी, ही : नगरपरिषद हद्दीतल्या प्रत्येक पाळीव कुत्र्याची नोंदणी करून त्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवावी. मुंबई-पुण्याच्या महापालिकांत पाळीव कुत्र्याचा परवाना काढावा लागतो. लहान शहरांत तो असतो हेच कुणाला ठाऊक नसते. पण परवान्याचा कागद फाडता येतो, पट्टा काढता येतो, बिल्ला कापता येतो. चिप घरच्या घरी काढता येत नाही. यंत्र फिरवले की नंबर येतो आणि नंबरामागे नाव. पहिली दोन वर्षे शुल्क घेऊ नये, अन्यथा लोक कुत्रे नोंदवण्याऐवजी लपवतील. घाटात बाहेरगावच्या गाड्या कुत्री सोडून जातात, त्यांचे काय, असे आपण विचाराल. त्याचे पूर्ण उत्तर आमच्याकडे नाही. वळणावर कॅमेरा लावावा, गाडीचा नंबर मिळाल्यास तक्रार नगरपरिषदेने स्वतः द्यावी. पन्नास रुपये का असेनात, न्यायालयात येऊन भरावे लागले तर पुढच्या वेळी गाडी थांबवताना माणूस विचार करील.

दुसरी मागणी पहिलीच्या खालोखाल गरजेची, कारण पकडण्याची सोय करताना सुटण्याचीही करावी लागते. बदली होते, घरमालक नको म्हणतो, बाळाला दमा निघतो, म्हातारा माणूस एकटा पडतो. कुत्रा ठेवणे खरोखर अशक्य होते. आज अशा माणसाने कुणाकडे जावे? पांजरपोळ गायी घेते, कुत्री घेत नाही. तेव्हा नगरपरिषदेने एक जागा करावी, जिथे मालक आपले नाव सांगून, जनावराचा लसीचा कागद देऊन, ठरावीक रक्कम भरून त्याला सोडू शकेल. त्याला तिथे कुणी उपदेश करू नये. फक्त नोंद घ्यावी. तिथून नवे घर मिळेल त्याला मिळेल. सगळ्यांना मिळणार नाही, ही कल्पना आम्हाला आहे.

ही जागा कोणती? कोंडवाडा. जुन्या तहसीलमागचा आपला कोंडवाडा उभा आहे, पूर्वेची भिंत पडलेली, आत घंटागाड्या लावतात. कोंडवाड्याचा मूळ कायदा १८७१ चा, गुरांच्या अतिक्रमणाचा. त्या कायद्याची सारी मदार एका गृहीतावर होती : मालक दुसऱ्या दिवशी दंड भरून जनावर सोडवून नेईल, कारण ते त्याला हवे आहे. आता जनावर कोंडले तर मालकाची सुटका होते. म्हणून कोंडवाड्याची भिंत बांधून भागणार नाही; तिथे चारा, पाणी, सावली, एक अर्धवेळ पशुवैद्य आणि कायमचा रखवालदार लागेल. मुंबईत १८३२ मध्ये कंपनी सरकारने गल्लीतली कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि अमिचंद शहा यांनी तिथे पांजरपोळ उभी केली. त्या काळी व्यापाऱ्यांना जमले. आपल्या शहरातही अडत दुकाने आहेत, पतसंस्था आहेत. नगरपरिषदेने जागा आणि रखवालदार द्यावा, चाऱ्याच्या वर्गणीसाठी आम्ही दारोदार फिरू.

निर्बीजीकरणाचे काम मान्यताप्राप्त संस्थेला द्यावे. ठेकेदाराला नगावर पैसे मिळतात, म्हणून नोंद शस्त्रक्रियेच्या वेळी कानाला पाडलेल्या खाचेवर तपासावी आणि टाके वाळेपर्यंत कुत्रे ठेवतात का, ते पाहायला अचानक जावे. कुत्रीची गरोदरी साधारण ६३ दिवसांची आणि वर्षातून दोनदा ती माजावर येते. काम रेंगाळले तर दर सहा महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून. लसीकरण किमान ७० टक्के कुत्र्यांचे व्हावे, त्याखाली रेबीजची साखळी तुटत नाही. शेजारच्या गोव्यात मिशन रेबीजने सरकारला सोबत घेऊन घरोघर, गल्लोगल्ली हेच केले आणि तिथले रेबीजचे मृत्यू जवळपास संपवले. गोवा आपल्याहून श्रीमंत असेल. पण लस काही श्रीमंतांचीच नसते. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात भटकी कुत्री १२ लाख ७६ हजार होती. आपल्या शहरात किती, याची नोंद आपल्या दप्तरी नाही. मोजणीपासून सुरुवात करावी.

बाकी मागण्या थोडक्यात. कोंबडीच्या दुकानांतली आतडी-पिसे उघड्यावर टाकणाऱ्यांवर दररोज कारवाई व्हावी. कुत्र्यांचे टोळके तिथेच जमते. खाऊ घालण्याच्या जागा नियमांप्रमाणे वॉर्डावॉर्डात नेमून द्याव्यात, शाळेच्या फाटकापासून लांब. पिल्ले विकणाऱ्यांची २०१७ च्या नियमांनुसार नोंदणी आहे का, ते तपासावे. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, तरी बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडबाहेर खोक्यात ती असतात. लिंगवर्गीकृत रेतमात्रा शेतकऱ्यांपर्यंत पोहोचाव्यात, म्हणजे नकोसे खोंड मुळात कमी जन्मतील. हे काम पशुसंवर्धन खात्याचे, पण पत्र आपण लिहावे. आणि गेल्या वर्षी मागच्या आळीत लाडवातून विष घालून सात कुत्री मारली गेली, त्याची चौकशी व्हावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

नवे सभागृह आता येत आहे, आणि अर्थसंकल्पाची तयारी जानेवारीत सुरू होईल. या विषयासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावे. कोंडवाडा आणि नोंदणी या दोन बाबींवर ३१ जानेवारीपूर्वी आम्हास भेटीची वेळ द्यावी, ही विनंती. त्या तारखेपर्यंत उत्तर न आल्यास आम्ही ३ फेब्रुवारीपासून दररोज दहा जण कोंडवाड्याच्या पडक्या भिंतीशी शांतपणे बसू. तो लॅब्राडोर सध्या टपरीवाल्याकडे आहे. चिप बसवण्याची सोय झाली, तर पहिली त्याला बसवावी आणि नाव टपरीवाल्याचे लिहावे. त्याने तसे लेखी दिले आहे.

कळावे,

आपले विश्वासू,
शहरातील नागरिक

सोबत : सह्यांचे कागद, घाटातील वळणाची व कोंडवाड्याची छायाचित्रे, टपरीचालकाचे संमतिपत्र.

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : मा. नगराध्यक्ष, मा. पोलीस निरीक्षक; मा. पशुधन विकास अधिकारी, पंचायत समिती.