ओवी गाणारीचा रोज कुणी धरायचा?

परवा आमच्या गल्लीतली एक मुलगी संध्याकाळी घरी आली. हातात कागदांची चळत. आसपासच्या वस्त्यांवरच्या बायकांच्या ओव्यांवर तिला माहितीपट करायचाय, आणि त्यासाठी एका संस्थेकडे अनुदानाचा अर्ज धाडायचाय. "काकू, मराठी तेवढं तपासून द्या," म्हणाली. मराठी छानच होतं. मी अडकले ती शेवटच्या पानावर, खर्चाच्या तक्त्यापाशी. कॅमेऱ्याचं भाडं, माइक, एडिटिंग, गाडी, चहा-नाश्ता... सगळं होतं. ओव्या गाणाऱ्या बायका मात्र त्या तक्त्यात कुठेच नव्हत्या!

"अगं, त्या दिवसभर तुझ्यापुढे बसणार. त्यांचा रोज बुडेल, तो कोण भरून देणार?"

"काकू, त्या हौसेनं गातात हो. पैसे दिले तर त्यांनाच वाईट वाटेल."

मैत्रिणींनो, हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना? रुखवत करणारी हौसेनं करते, शंभर पापड लाटून देणारीही हौसेनंच. कॅमेरावाल्याला मात्र कुणी असं म्हणत नाही.

अनुदान म्हटलं की आपल्याला ठिबक नाही तर गॅस सिलिंडर आठवतो. पण गाणी, आठवणी, गावचा इतिहास यांवरच्या फिल्मला आणि रेडिओ कार्यक्रमालाही अनुदान मिळू शकतं. अमेरिकेत तर इतिहास, भाषा, साहित्य अशा विषयांसाठी १९६५ सालीच 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज' ही सरकारी संस्था स्थापन झाली. केन बर्न्स यांच्या १९९० मध्ये गाजलेल्या अमेरिकी यादवी युद्धावरच्या मालिकेला तिचा पैसा होता. तिची एक पद्धत मला फार आवडली. विषयाचे अभ्यासक सोबत घ्यावे लागतात, आणि शूटिंगच्या आधीच्या तयारीलाही वेगळं अनुदान मिळू शकतं. म्हणजे नुसतं ऐकायला, वाचायला, समजून घ्यायलाही पैसा! अर्थात सरकारी पैशाचाही भरवसा नाही. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं या संस्थेची हजाराहून जास्त अनुदानं रद्द करून टाकली.

आणि आपल्या ओव्यांचं काय? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतल्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीनं कित्येक तासांचं ध्वनिमुद्रणही झालं. यातलं खरं काम कॅमेऱ्याचं नव्हतंच. गावात जायचं, बाईला फुरसत होईपर्यंत थांबायचं, ऐकायचं आणि शब्द न् शब्द उतरवून घ्यायचा. वर्षानुवर्षं. याला पैसा वेगवेगळ्या काळात आला तो युनेस्कोकडून, नेदरलँड्सच्या सरकारकडून आणि स्वित्झर्लंडच्या एका प्रतिष्ठानाकडून. आपल्या आज्यांच्या ओव्या, आणि खर्च परक्यांचा! मला हे वाचून लाजच वाटली. आपल्याकडे देवळाच्या कळसाला वर्गणी निघते, गणपतीच्या मांडवाला निघते. गावातल्या म्हातारीचा आवाज जपायला कधी निघाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

२०१७ पासून या ओव्या 'परी' या संस्थेनं लोकांपुढे आणल्या. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव येतं, गाव येतं, कितीदा फोटोही. इतकी वर्षं 'लोकगीत' म्हणून जे बिननावाचं फिरत होतं, त्याला धनीण मिळाली.

हे सगळं त्या मुलीला सांगितलं. ती गप्प झाली. मग आम्ही दोघी तक्ता घेऊन बसलो. दुसऱ्या कॅमेऱ्याचं भाडं काढून टाकलं. नवी ओळ घातली, 'ओवी गाणाऱ्या १२ बायका, ३ दिवसांचा रोज'. खाली आणखी एक, उतरवून घेणाऱ्या मुलींचं मानधन.

"संस्थेनं कापलं तर?"

"कापू दे. आपण तर लिहू."

दुसऱ्या दिवशी ती वस्तीवर विचारायला गेली. कुणाला वाईट वगैरे काही वाटलं नाही. एका आजींनी रोज किती तेवढं नीट विचारून घेतलं आणि बजावलं, "पण खुरपणीत येऊ नको बाई, तेव्हा कुणाला सवड नसते." अर्जातल्या शूटिंगच्या तारखा तिला बदलाव्या लागल्या. सोमवारी अर्ज जाईल.