गच्चीवरचा चंद्र आणि तांदळाची पिशवी

मैत्रिणींनो, मागच्या खेपेस डिंकाच्या लाडवांबद्दल लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांना पुढच्या अंकी उत्तरे देईन. आज स्वयंपाकघरातून थोडे वर, गच्चीवर जाऊ या.

सुरुवात झाली श्रावणातल्या संकष्टीपासून. आमच्या सासूबाई गेली चाळीसएक वर्षे संकष्टी करतात, चंद्र पाहिल्याशिवाय घास घेत नाहीत. अलीकडे त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याची झीज झाली आहे. समोर पाहिले की नेमका मधलाच भाग दिसत नाही, कडेचे दिसते. चष्म्याने त्यात फरक पडत नाही. म्हणून चंद्र पाहायचे काम आमच्याकडे आले. त्या ताटावर बसून विचारतात, "दिसला का गं?" आणि आम्ही सांगायचे. त्या रात्री धाकट्याला भूक लागली होती. तो जिन्यातूनच ओरडला, "दिसला, आजी!" बाहेर तर आभाळ गच्च भरलेले. मी ते ऐकले आणि, खोटे कशाला बोलू, गप्प बसले. सासूबाई जेवल्या. मला मात्र घास गोड लागेना.

तेव्हा डोक्यात आले, की चंद्राचा चांगला मोठा फोटो काढून टीव्हीवर लावला तर कडेकडेने का होईना, त्यांना दिसेल. शाळेतल्या सुट्टीच्या जादा वर्गांचे नऊ हजार रुपये मी बाजूला ठेवले होते. त्यांतून मोठ्या झूमचा, वापरलेला डिजिटल कॅमेरा घेतला. आमच्या ह्यांचे म्हणणे, "मोबाइलमध्ये कॅमेरा असताना हा कशाला?" त्यावर दोन दिवस घरात अबोला होता. पण मोबाइलने चंद्राचा फोटो काढून पाहा, साबुदाण्याच्या दाण्याएवढा ठिपका येतो. आपल्याला चंद्र केवढा तरी मोठा वाटतो, विशेषतः उगवताना. हात लांब करून करंगळीचे नख त्याच्यासमोर धरा. सहज झाकला जातो! उगवतानाही आणि डोक्यावर आल्यावरही. तो मोठेपणा आपल्या मनाचा असतो, कॅमेऱ्याला तो कळत नाही.

(कॅमेरा घरात आला आणि गणेश चतुर्थी आली. धाकट्याने विचारले, "आज चंद्र बघायचा नसतो, मग कॅमेऱ्याने बघितला तर चालेल का?" मी कॅमेरा कपाटात ठेवून दिला. विषाची परीक्षा कशाला!)

कोजागिरीला सगळी इमारत गच्चीवर होती. मसाला दुधाचे पेले फिरत होते आणि मी वीस-पंचवीस फोटो काढले. सगळ्यांत एकच, पांढरा फटक गोळा. ना डाग, ना ससा. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "दुधाच्या पेल्याचा फोटो काढलात की काय?" हसले मी, पण नऊ हजार डोळ्यांपुढे आले.

चूक माझ्या लक्षात यायला आठवडा लागला. माझा विषय इतिहास, विज्ञान दहावीतच सुटले. पण गोष्ट साधी आहे. आपण कॅमेरा 'ऑटो'वर ठेवतो, म्हणजे उजेड किती घ्यायचा हे तोच ठरवतो. त्याला चौकटीभर काळे आकाश दिसते. तो समजतो, अंधार आहे, आणि शटर बराच वेळ उघडे ठेवतो. चंद्राचा बिचाऱ्याचा त्यात करपून कोळसा, म्हणजे पांढरा कोळसा होतो. आपल्याकडे रात्र असली तरी चंद्रावर ऊन पडलेले असते. आपण पाहतो ते उन्हातले खडक. म्हणून दुपारी अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांचा फोटो काढताना जेवढा उजेड घ्यायचा, साधारण तेवढाच चंद्रालाही पुरतो.

तेव्हा कॅमेऱ्याच्या वरच्या चकतीवर 'एम' असे अक्षर असते, ते निवडा. एम म्हणजे मॅन्युअल, आपल्या हाताने. मग आयएसओ १००, भिंगाचे तोंड एफ ८ आणि शटर १/२०० सेकंद. पौर्णिमेच्या आसपास हे जमते. फोटो काळपट आला तर १/१२५ करून पाहा, पांढरट आला तर १/२५०. मीठ चाखून घालतो तसेच आहे हे. डिजिटल कॅमेऱ्यात रीळ वाया जात नाही, तेव्हा हात आखडू नका. ज्यांच्या कॅमेऱ्यात 'एम' नाही, त्यांनी अधिक-उणे लिहिलेले बटण शोधून उजेड उणे दोनपर्यंत खाली आणावा.

झूम दोन तऱ्हेचे असतात. भिंग पुढे सरकते तो ऑप्टिकल, तो खरा. त्यापुढे डिजिटल झूम सुरू होतो. तो नुसते चित्र ताणतो, पातळ आमटीत आणखी पाणी घातल्यासारखे. तो बंदच ठेवा.

आता तांदळाची पिशवी. एवढ्या झूममध्ये श्वास घेतला तरी चंद्र चौकटीत नाचतो. तिपाई, म्हणजे ट्रायपॉड, घ्यायला माझ्याकडे पैसे उरले नव्हते आणि मागायची तर सोयच नव्हती. मग जुन्या मांजरपाटाची पिशवी शिवली. तीत दोन किलो तांदूळ भरले, पण सैल. गच्च भरली तर कॅमेरा घसरतो. गच्चीच्या कठड्यावर पिशवी ठेवून मधोमध खळगा केला आणि कॅमेरा त्यात बसवला, मूल कडेवर बसते तसा. कॅमेऱ्याचा पट्टा मात्र गळ्यात असू द्या, चौथ्या मजल्याच्या कठड्यावर तरी नक्कीच. आणि बटण दाबताना लागणारा धक्का टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टायमर लावा. दाबा, हात काढा, गप्प उभ्या राहा.

दिवस कोणता निवडायचा? सगळ्यांना वाटते पौर्णिमा. पण पौर्णिमेला ऊन चंद्रावर समोरून पडते, सावल्या पडत नाहीत, म्हणून तो पापडासारखा सपाट दिसतो. शुद्ध सप्तमी-अष्टमीचा अर्धा चंद्र घ्या. उजेड-अंधाराच्या सीमेवर ऊन तिरपे पडते आणि तिथले खड्डे, डोंगर सावल्यांनी उठून दिसतात. सकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीचा गिलावा खडबडीत दिसतो ना, तसे. अर्ध्या चंद्राला उजेड कमी, म्हणून शटर १/५० च्या आसपास. रात्री नऊ-साडेनऊला तो पश्चिमेकडे कललेला असतो, आपली कामेही आवरलेली असतात. संकष्टीचा चंद्र उगवल्या उगवल्या मात्र टिपू नका. क्षितिजाजवळ हवा दाट असते आणि दिवसभर तापलेल्या गच्च्यांवरून गरम हवा वर येत असते, त्यात चंद्र पाण्यात पडल्यासारखा थरथरतो. तास-दीड तास थांबा.

सासूबाईंना तास-दीड तास उपाशी कसे थांबवायचे, हा प्रश्न होताच. पण मार्गशीर्षातल्या संकष्टीला मी त्यांना विचारले, तर म्हणाल्या, "थांबते की. आजवर काय कमी थांबले?"

त्या रात्री दहा वाजून गेल्यावर फोटो जमला. पेन ड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावला, तोही ह्यांनीच लावून दिला. सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि मान तिरपी करून, कोपऱ्यातून बघायला लागल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे काळे काळे म्हणजे ससा ना?" मी सांगितले, की फार पूर्वी लाव्हा पसरून थिजला, त्याची ती मैदाने आहेत. दक्षिणेकडे एक पांढरा ठिपका आणि त्यातून निघालेल्या रेघा होत्या, तो टायको नावाचा खड्डा, ८५ किलोमीटर रुंदीचा. धाकट्याला २०२३ च्या २३ ऑगस्टला चंद्रयान-३ उतरले ती जागा हवी होती. ती आणखी खाली, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, पण यान काही आपल्या फोटोत दिसायचे नाही. तो हिरमुसला.

"आता बसा जेवायला," मी म्हटलं. तर त्या उठून गच्चीत गेल्या. "फोटोला कुठे अर्घ्य देतात?" म्हणाल्या. मी हात धरून तोंड चंद्राकडे करून दिले.

ताटावर बसल्यावर मला राहवले नाही. श्रावणातली गोष्ट मी सांगून टाकली. त्यांनी वरणभात कालवत कालवत ऐकले. "माहीत आहे गं. वरच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. डोळे गेलेत माझे, कान नाहीत. पोराला भूक लागली होती म्हणून बसले. पण पुन्हा ढग असतील तर ढग म्हणून सांगा. मी पंचांगातल्या वेळेवर जेवीन."

धाकटा ताटात बघत होता.

तर येती शुद्ध अष्टमी कधी आहे, ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आजच पाहून ठेवा. पिशवीतले तांदूळ दुसऱ्या दिवशी निवडून शिजवायला काही हरकत नाही. आमच्याकडे त्यांची खिचडी झाली.