आजार गेला, पुढे काय?



मूल मोठ्या दुखण्यातून उठलं की घरची माणसं देवापुढे साखर ठेवतात. ठेवावीच. पण दोन-तीन महिने उलटले की आईच्या मनात एक शंका घर करू लागते. आजारापूर्वी धरून उभं राहणारं पोर आता बसायलासुद्धा लोड मागतं. ‘बाबा’, ‘दे’ म्हणणारं तोंड मिटलेलंच राहतं. शेजारीपाजारी म्हणतात, ‘अशक्तपणा आहे, येईल भरून. मुलगे उशिराच बोलतात हो!’ आज लिहायचं आहे ते ह्या शंकेबद्दल, कारण ती आमच्या घरात येऊन गेली आहे.

आमच्या धाकट्याला चौदाव्या महिन्यात मेनिंजायटिस झाला, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आली. जीव वाचला, ही डॉक्टरांची कृपा. पण घरी पाठवताना औषधांच्या यादीपलीकडे कुणी काही सांगितलं नाही. पुढे पाय लुळे वाटू लागले, हाकेला ओ येईनाशी झाली. सासूबाई म्हणायच्या, ‘आजारपणात लाडावलाय.’ पाच महिन्यांनी आम्ही स्पीच थेरपिस्टकडे गेलो. तिनं त्याच्याशी बोलण्याआधी मलाच विचारलं, ‘कानाची तपासणी झाली का?’

हे नीट लक्षात ठेवा. जंतूंमुळे झालेल्या मेनिंजायटिसनंतर ऐकण्याची शक्ती कमी होऊ शकते, म्हणून बरं झाल्यावर महिन्याभराच्या आत कान तपासून घ्यायचे असतात. ‘बेरा’ नावाची तपासणी मूल झोपलेलं असताना होते; त्यानं उत्तर द्यावं लागत नाही आणि दुखतही नाही. घाई अशासाठी की काही मुलांच्या आतल्या कानात ह्या आजारानंतर हाड धरू लागतं. पूर्ण बहिरेपण असेल तर कॉक्लिअर इम्प्लांट करायचं असतं, आणि उशीर झाला की ते बसवणं अवघड होतं. आमच्याकडे तितकं नव्हतं, कर्णयंत्रावर भागलं. यंत्र घातल्यावर चौथ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि पोरानं मान वळवली. सासूबाईंनी मुद्दाम पुन्हा कुकर लावला!

आता उपचारांविषयी. नावं ऐकून गोंधळायला होतं, म्हणून सोपं करून सांगते. फिजिओथेरपी म्हणजे मान, पाठ, पाय, तोल. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे हातांची कामं: चमचा धरणं, बटण लावणं, आपल्या हातानं जेवणं. स्पीच थेरपी फक्त बोलण्याची नसते, चावणं-गिळणंही त्यातच येतं. सगळ्या मुलांना सगळंच लागत नाही. आधी मुलांच्या विकासाचे जाणकार डॉक्टर गाठावेत आणि कशाची निकड पहिली, ते त्यांना विचारावं.

खर्चाचा विचार करून छातीत धस्स होतं ना? पण सरकारी सोयी आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्याखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा अंगणवाडीताईंकडे चौकशी करा. मुंबईत हाजी अलीला भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था आहे, आणि वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी अली यावर जंग संस्था. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार धरले आहेत. त्यातल्या एखाद्यात मूल बसत असेल तर प्रमाणपत्र काढून ठेवा. ‘शिक्का बसेल’ म्हणून घरची माणसं कुरकुरतात, पण तो कागद मदतीसाठी असतो. सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असेल तर ‘निरामय’ विमा योजना आहे, तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं.

आणि एक सावधगिरी. आपली अगतिकता ओळखणारी माणसं भेटतात. ‘स्टेम सेल’ची इंजेक्शनं घ्या, सहा महिन्यांत पोर पळायला लागेल, असं आम्हालाही एकानं सांगितलं. रक्कम ऐकून मी माझ्या पाटल्या मनातल्या मनात मोजल्या होत्या. ह्यांनी मुलांच्या डॉक्टरांना विचारलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताचे काही आजार सोडले, तर असे उपचार फक्त रीतसर संशोधनातच करता येतात, पैसे घेऊन नाही. पाटल्या हातातच राहिल्या. जो छातीठोक हमी देतो, त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

आठवड्यातून दोनदा थेरपिस्टकडे जाणं होतं. उरलेले पाच दिवस आपलेच असतात. म्हणून प्रत्येक वेळी विचारायचं, ‘घरी काय करू?’ आमच्याकडे मटार सोलताना चार शेंगा त्याच्यापुढे ठेवते. कणकेचा गोळा दाबायला देते. आंघोळीच्या वेळी ‘हात दे, पाय दे’ म्हणत, त्याच्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश बोलते. वेगळा वेळ काढावा लागत नाही. अर्धा दिवस शाळेत शिकवून आल्यावर तो मिळणार तरी कुठून?

थोरल्या लेकीलाही ह्यात घ्या, पण तिला छोटी आई करू नका. आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त तिची ठेवा.

शिवाय एक वही करा. तारीख घालून एकच ओळ लिहायची: ‘आज भिंत धरून चार पावलं.’ शाळेत मी चाळीस मुलांची प्रगतिपुस्तकं भरते, तिथे एकमेकांशी तुलना होतेच. ह्या वहीत तुलना फक्त तीन महिन्यांपूर्वीच्या पानाशी. ज्या दिवशी धीर सुटतो, त्या दिवशी मागचं पान उघडायचं.

‘पहिल्यासारखा होईल का हो?’ हे मी प्रत्येक डॉक्टरांना विचारलं. खरं उत्तर कुणीच देऊ शकलं नाही, आणि ज्यांनी तसं स्पष्ट सांगितलं त्यांच्यावरच माझा विश्वास बसला. आज तो साडेतीन वर्षांचा आहे. बोट धरून चालतो, अकरा शब्द बोलतो. बरोबरीची मुलं जिन्यावरून धावत उतरतात तेव्हा पोटात तुटतंच. त्याला औषध नाही.

तुमच्या घरात ही शंका आली असेल तर तिला ‘येईल भरून’ म्हणून झोपवू नका. ह्याच आठवड्यात एक तपासणी ठरवा. आणि काय झालं, ते मला जरूर कळवा.