आचारी आणि आचार्य

हैदराबादेत आमचे काही काळ वास्तव्य होते, तेव्हाची ही गोष्ट. तेथील मराठी कुटुंबांचे स्नेहभोजन पार पडले व दुसऱ्या दिवशी आम्ही संगणकावर आभारपत्रक लिहिले. 'रात्रभर खपलेल्या आचाऱ्यांचे आम्ही ऋणी आहोत,' असे आम्हांस म्हणावयाचे होते. कागदावर उमटले मात्र 'आचार्यांचे'. नांदेडकडील एक वृद्ध आचारी ते वाचून म्हणाले, "फादर, आचार्य कोण आले होते? आमचं नाव कुठं दिसत नाही." त्यांच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच आम्ही अधिक खजील झालो.

दोष यंत्राचा नव्हता, आमच्या बोटांचा होता. र, हलन्त व य अशा कळा दाबल्या की संगणक यावर रफार चढवितो. त्यातून 'दर्या' होतो, म्हणजे समुद्र. डोंगरांतील 'दऱ्या' हव्या असतील, तर साध्या र ऐवजी खाली टिंब असलेला ऱ घ्यावा लागतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह 'जे'ची कळ दाबावी, मग 'डी'ने हलन्त द्यावा आणि तिरप्या रेघेच्या कळीने य.

या ऱ ची कथा मनोरंजक आहे. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात त्याची नोंद द्राविडी भाषांतील एका 'र'साठी आहे. त्याचेच अर्धे रूप आपल्या दऱ्याखोऱ्यांत वसते. आमच्या एका तेलुगू स्नेह्यांनी त्यांच्या लिपीतील, आता क्वचितच आढळणारा 'बंडि रा' आम्हांस कागदावर काढून दाखविला. शेजाऱ्यांचे अक्षर आपल्या असे उपयोगी पडते!

विसर्गाचेही तसेच. 'दुःख' लिहिताना पुष्कळ जण अपूर्णविराम ठेवतात. डोळ्यांस दोन्ही टिंबे सारखीच. परंतु संगणकाच्या लेखी ते अक्षर नसून विरामचिन्ह होय. मग तो शब्द पुढे शोधू गेल्यास सापडत नाही, आणि कधी ओळीच्या टोकाशी मधोमध तुटतो. खरा विसर्ग शिफ्टसह संयोगचिन्हाच्या कळीत आहे.

दुरुस्त पत्रक आम्ही स्वतः नेऊन दिले. आजोबांनी त्या शब्दावर बोट ठेवून तो दोनदा वाचला व पत्रक घडी करून खिशात ठेवले. वाचकहो, घरची लग्नपत्रिका किंवा निधनवार्ता छापावयास धाडण्यापूर्वी ती एकदा मोठ्याने वाचा, आणि ज्यांचे नाव तीत आहे त्यांच्यापैकी कोणास तरी अवश्य दाखवा.