'उघडतो', 'उघडेल' आणि फ्रेंच

नगरमध्ये फ्रेंच शिकायला बसलेला विद्यार्थी सुरुवातीलाच 'पार्ले' या क्रियापदाशी अडखळतो. पार्ले म्हणजे बोलणे. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, ते बोलतात. या चार रूपांची स्पेलिंगे तीन, उच्चार मात्र एकच: 'पार्ल'. 'ते बोलतात'च्या शेवटी ई, एन, टी अशी तीन अक्षरे येतात आणि तिन्ही मुकी! मुलगा वहीत देवनागरीत 'पारलेंत' लिहून ठेवतो. मग ते जिभेवरून लवकर जात नाही.

दोष त्याचा नाही. त्याला कागदावरची अक्षरे मोजायला शिकवले, तोंडातले तुकडे नाही.

खरे तर ही समज मराठीने त्याला कधीच दिलेली आहे. 'उघडणे' घ्या. 'उघडतो' म्हणताना तुकडे पडतात उ-घड्-तो. 'उघडेल' म्हणताना उघ्-डेल. लिहिताना दोन्हींत 'घ' पूर्ण, पण दुसऱ्यात त्यातला 'अ' गळालेला. पाथर्डीपासून संगमनेरपर्यंत शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा इथे चुकत नाही. फ्रेंचमधले 'आप्ले', म्हणजे हाक मारणे, असेच वागते. सर्वनाम बाजूला ठेवले तर 'मी'साठी 'आपेल', 'आम्ही'साठी 'आप्लों'. शेवटी स्वर आला की मधला गळतो.

गळालेला स्वर कवितेत परतही येतो. बोलताना 'दळते' म्हणजे दळ्-ते. जात्यावर सुरात त्याचे द-ळ-ते होऊ शकते. जुन्या फ्रेंच छंदातही 'पार्ल'पुढे व्यंजन आले, की मुका ई बोलका होऊन दोन तुकडे मोजले जातात. गी पॉइटवाँ या मूळच्या फ्रेंच अभ्यासकाने हेमा राईरकरांबरोबर जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. आणि नेवाशात 1290 साली ज्ञानेश्वरी ज्या ओवीत सांगितली गेली, तिच्यात अक्षरांचा आकडा ठरलेला नाही. तिथे कानच प्रमाण.

बारावीला फ्रेंच घेता येते, गुणही चांगले मिळतात. तोंड मात्र बंदच राहते. म्हणून पहिले काही आठवडे फळ्यावर स्पेलिंग लिहूच नये. मुलांनी आधी टाळ्या वाजवत उघडतो-उघडेल म्हणावे, मग आपेल-आप्लों. त्यानंतर एकाच स्पेलिंगचे दोन शब्द समोर ठेवावेत: 'कूव्हाँ' म्हणजे जोगिणींचा मठ आणि 'कूव्ह' म्हणजे कोंबड्या अंडी 'उबवतात'. मठाला दोन टाळ्या, कोंबड्यांना एक.