पाच तारे आणि शिळी हवा

मे २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट भरात असताना, केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने एक सूचनापत्रक प्रसृत केले. खिडक्या उघडा, एक्झॉस्ट पंखे लावा, दारे-खिडक्या मिटून एसी चालवत बसू नका, असे त्यात चित्रांसह सांगितले होते. घरातील हवेविषयी देशाच्या सर्वोच्च वैज्ञानिक कार्यालयाने सामान्य नागरिकाशी इतके थेट बोलणे दुर्मीळच. लाट ओसरली आणि विषयही ओसरला. पुढे जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसीचे तापमान २० ते २८ अंशांच्या मर्यादेत बांधण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा वाद रंगला तो अंशांवर. त्या थंड खोलीत श्वासासाठी ताजी हवा कुठून येणार, हा प्रश्न त्या गदारोळात जवळपास ऐकूच आला नाही.

घरोघरचा स्प्लिट एसी बाहेरून हवा आणत नाही. भिंतीतून जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांत फिरते ते शीतक. हवा खोलीतलीच, तीच ती, गार होऊन परत येते. हिशेब साधा आहे. दहा-साडेदहा चौरस मीटरच्या शयनगृहात सुमारे ३० घनमीटर हवा मावते. झोपलेला प्रौढ माणूस तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघे असतील तर २४ लिटर. खोली पूर्ण बंद असेल तर या वायूचे प्रमाण दर तासाला सुमारे ८०० पीपीएमने वाढेल. बाहेरच्या हवेत ते ४२० च्या आसपास असते, आणि म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी चांगल्या हवेची रेघ १००० वर ओढली ती १८५८ मध्ये. म्हणजे ही मर्यादा पहिल्याच तासात ओलांडली जाईल. प्रत्यक्षात आकडा इतका चढत नाही, कारण फटी असतात. भारतीय शहरी कुटुंबाला आजवर वाचवले आहे ते सुताराच्या ढिलाईने. पण आता रबरी पट्ट्यांच्या घट्ट खिडक्या आल्या, आणि तो आधारही चालला.

यावर बाजाराचे उत्तर म्हणजे एअर प्युरिफायर. तो धूलिकण गाळतो, आणि दिल्लीच्या नोव्हेंबरमध्ये ते काम मोलाचे आहे. पण कार्बन डायऑक्साइड तो कमी करत नाही. गाळलेली शिळी हवा शिळीच राहते.

उष्णता परत मिळवणारी यांत्रिक वायुवीजन व्यवस्था नेमके येथे कामाला येते. एक पंखा वापरलेली हवा बाहेर टाकतो, दुसरा बाहेरची हवा गाळून आत घेतो, आणि एका विनिमयकात दोन्ही प्रवाह न मिसळता एकमेकांशेजारून जातात. जाणारी हवा आपले तापमान येणाऱ्या हवेला देऊन जाते. जर्मनीतील डार्मश्टाट येथे १९९१ साली उभ्या राहिलेल्या पहिल्या पॅसिव्ह हाउसपासून युरोपात ही व्यवस्था रुळत गेली. दिल्लीच्या जानेवारीत बाहेर ८ अंश आणि आत २२ असताना ७५ टक्के कार्यक्षमतेचा विनिमयक आत येणारी हवा साडेअठरा अंशांवर आणून सोडतो. हीटर पेटवून खिडकी उघडण्यापेक्षा हे केव्हाही शहाणपणाचे.

मात्र जे विक्रेते युरोपी माहितीपत्रक जसेच्या तसे मुंबई-चेन्नईत वाटतात, त्यांना एक प्रश्न विचारायला हवा: या यंत्रात बाष्पाचे काय होते? ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेची हवा तासाला ६० घनमीटर या वेगाने २५ अंशांच्या एसीच्या खोलीत घेतली, तर तिच्यासोबत दर तासाला सुमारे ८५० ग्रॅम जादा पाणी आत येते. ते पाणी घालवायला लागणारी ऊर्जा नुसते तापमान उतरवण्याच्या ऊर्जेच्या चौपट भरते. साधा धातूचा किंवा प्लास्टिकचा विनिमयक या चौपटीला जवळजवळ हात लावत नाही. किनारपट्टीला हवा तो बाष्पाचीही देवाणघेवाण करणाऱ्या पटलाचा, म्हणजे एनर्जी रिकव्हरी जातीचा विनिमयक. एका अक्षराच्या फरकाने, एचआरव्हीच्या जागी ईआरव्ही न घेतल्याने, ग्राहक लाखभर खर्चूनही दमट खोलीतच राहू शकतो. आणि गाळणी वेळेवर न बदलल्यास काही आठवड्यांत तुंबून हवा येणेच मंदावते, हे विकताना कितीजण सांगतात?

शासनाचा दोष याहून मोठा आहे. एसीवरचे तारे विजेच्या एका युनिटमागे किती थंडावा मिळतो ते मोजतात. हवा किती ताजी, हे नाही. ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये आणलेल्या निवासी इमारतींच्या इको निवास संहितेने घरांचा विचार केला, तो उघडणाऱ्या खिडक्यांच्या क्षेत्रफळाचा: उष्ण-दमट प्रदेशात चटई क्षेत्राच्या १६.६६ टक्के, दिल्लीसारख्या संमिश्र हवामानात १२.५ टक्के. नियम चांगलाच आहे. पण खिडकीतून येते ते श्वास घेण्याजोगे असते, हे त्यात गृहीत धरले आहे. पीएम २.५ ची चोवीस तासांची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. उत्तरेच्या हिवाळ्यात ती कित्येक पटींनी ओलांडली जाते. त्या दिवसांत १२.५ टक्के खिडकी उघडायची की मिटायची? याउलट मोठी रुग्णालये आणि हॉटेले यांच्यासाठी २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने, बाहेरची हवा मोठ्या प्रमाणात घेणाऱ्या यंत्रणांत किमान ५० टक्के ऊर्जा परत मिळवण्याची अट घातली. म्हणजे तंत्र सरकारला ठाऊक आहे. पाहुण्याच्या खोलीसाठी ते सुचले, घरातल्या लेकराच्या खोलीसाठी नाही.

‘आपल्या वाडवडिलांनी खिडक्या उघड्या ठेवल्या, आपणही ठेवाव्यात’ असे म्हणणारा एक पक्ष आहे. पुणे-बेंगळुरूत वर्षातील बहुतेक महिने तो बरोबरही आहे. तेथे हे यंत्र घेणे हा बराचसा हौसेचा मामला. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधनानेही दाखवले आहे की पंखा आणि वारा असेल तर भारतीय माणसाला पाश्चात्त्य मानकांपेक्षा अधिक तापमान सुखाचे वाटते. पण वाडवडिलांच्या खिडकीबाहेर आजची हवा नव्हती. फटींनी भरलेल्या घरात मात्र हे यंत्र बसवणे व्यर्थ, कारण हवा विनिमयकातून न जाता फटीतूनच ये-जा करते. आधी फटी बुजवाव्यात, स्वयंपाकघराचा धूर थेट बाहेर काढणारा पंखा लावावा, मग यंत्राचा विचार करावा. विक्रेता हा क्रम उलटा सांगतो, हे सांगणे न लगे.

घाई कशासाठी, असेही विचारले जाते. २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यानुसार तेव्हा सुमारे ८ टक्के घरांत एसी होता. २०३७-३८ पर्यंत हे प्रमाण ४० टक्क्यांवर जाईल असा त्यातला अंदाज आहे. त्या घरांपैकी कितीतरी आज बांधली जात आहेत. हवेच्या नळीसाठी भिंतीत चार-सहा इंचांचे भोक आराखड्यातच ठेवले तर खर्च किरकोळ. नंतर काँक्रीटच्या तुळयांमधून तेच भोक पाडताना इमारतीचा अभियंता आणि सोसायटीची समिती, दोघेही आडवे येतात. संहितेत एका ओळीची भर पुरेशी आहे: बंद करून थंड किंवा उबदार ठेवल्या जाणाऱ्या प्रत्येक शयनगृहात माणशी किती ताजी हवा आली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घरांसाठी माणशी सेकंदाला १० लिटर हा आकडा दिलेलाच आहे.

आणि ज्यांच्याकडे ना एसी ना हीटर, त्यांचे काय? उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबे कार्बन मोनॉक्साइडने सकाळी मृत सापडतात. त्यांना ईआरव्ही परवडणार नाही, आणि तो त्यांच्यासाठी उपायही नाही. त्यांना हवी आहे धूर बाहेर नेणारी नळी आणि छताजवळचा बंद न होणारा झरोका. वृत्तपत्रात ही बातमी आतल्या पानावर येते. त्याच अंकाच्या पहिल्या पानावर शुद्ध हवेची हमी देणाऱ्या एसीची जाहिरात असते.